गाडी योग्य हातीच जाईल

२ ऑक्टोबर, शुक्रवार

आजपासून मोटरहोमच्या विक्रीची जबाबदारी माझ्यावर. मी स्वतःहून घेतली. बाबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला कायमची मनाई केली आहे; आईला चालवता येत नाही; दादा परगावी राहतो आणि तिथून फक्त सल्ले पुरवतो. राहिले मी. माझ्याकडे लायसन्स आहे. पहिल्याच प्रयत्नात मिळाले, लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी. त्यानंतर प्रत्यक्ष गाडी चालवण्याचा प्रसंग आला नाही.

दादा फोनवर म्हणाला, तुला कुणाला पत्ता विचारायचा तर तू आधी अर्धा तास रस्त्याच्या कडेला उभी राहतेस, तू गाडी काय विकणार! उत्तर कृतीतून मिळेल.

२ नोव्हेंबरला कॉलेजात रुजू व्हायचे आहे. दोनदा मुदत मागून घेतली होती. आता प्राचार्यांनी स्पष्ट कळवले आहे की त्या दिवशी हजर न झाल्यास जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. त्यांचे बरोबरच आहे. परंतु गाडी विकल्याशिवाय मी घर सोडणे शक्य नाही, हेही तितकेच बरोबर. बाबांचा जीव त्या गाडीत अडकला आहे. अशा प्रसंगी त्यांना एकटे टाकून जाणे माझ्या स्वभावात नाही. साठ मुलांपुढे उभे राहून बोलावे लागणार, याच्याशी या गोष्टीचा काडीचाही संबंध नाही.

निश्चय: महिनाअखेरीच्या आत विक्री. भावनेला थारा नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार

जाहिरात लिहून प्रसिद्ध केली. ‘मोटरहोम’ हा शब्द रुक्ष वाटला, म्हणून मथळा दिला: ‘सुसज्ज, शांत, चाकांवरील निवास’. सकाळी खिडकीतून टेबलावर येणारे ऊन, मागच्या झोपायच्या बंकवर टेकून वाचताना पाठीला मिळणारा आधार, सिंकखालच्या कप्प्याचा शब्दकोशांसाठी होणारा उपयोग, असे सर्व मुद्दे घेतले. इंजिनावर एक वाक्य.

संध्याकाळपर्यंत बरेच फोन आले. पहिले काही आईला घ्यायला लावले, कारण माझा घसा बसल्यासारखा वाटत होता. सगळ्यांनी एकच विचारले: भाडे किती? पाणी केव्हा येते? एकट्या माणसाला देता का? एका बाईंनी शेजार कसा आहे असे विचारले. तो फोन मी घेतला आणि खरे ते सांगितले, की शेजार हवा तेव्हा बदलता येतो. त्यांनी फोन ठेवला.

आई म्हणाली, अगं विदुषी, गाडी विकायची आहे असं त्यात कुठे लिहिलंयस तरी का? तसे शब्दशः नव्हते. दुसऱ्या परिच्छेदात सूचित केले होते.

दादाने परस्पर मथळा बदलून ‘मोटरहोम विकणे आहे’ असा केला. त्याला शैली म्हणून नाहीच.

४ ऑक्टोबर, रविवार

पहिले ग्राहक. इस्पितळातल्या एक सिस्टर, या महिन्यात निवृत्त होणाऱ्या, आणि त्यांचे यजमान. यजमानांचे गुडघे अधू.

मी नियमावली केली होती. बूट बाहेर काढावेत. एका वेळी दोनच व्यक्तींनी आत यावे. प्रश्न शेवटी विचारावेत. वाचून दाखवण्याचा धीर ऐनवेळी झाला नाही, म्हणून कागद दारावर चिकटवला. यजमान पायरीवर बसून बूट काढू लागले ते बराच वेळ काढतच राहिले.

सिस्टरांनी एकच प्रश्न विचारला. बाळ, ही चालताना कशी वाटते गं?

किती ढोबळ प्रश्न! दहावीपासून एम.ए.पर्यंतचा सगळा अभ्यास मी या गाडीत बसून केला आहे. तिचा स्क्रू न् स्क्रू मला ठाऊक आहे. आता, घरचे लोक ती घेऊन जेव्हा जेव्हा प्रवासाला निघाले तेव्हा तेव्हा नेमकी माझी कुठली तरी परीक्षा तोंडावर असे आणि मी मावशीकडे राहत असे, एवढेच. म्हणून मी सांगितले की चालण्यापेक्षा तिचे थांबणे अधिक विलक्षण आहे. सिस्टरांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, मनगट न धरता नाडी पाहावी तसे.

आई त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेली ती तिकडेच रमली. एवढा वेळ काय बोलत होतीस असे विचारले तर म्हणे, त्यांच्या गुडघ्यांचं. आईला विक्रीचे गांभीर्य नाही.

निर्णय: अपात्र. गाडीविषयी पुरेशी जिज्ञासा दिसली नाही. नम्र आणि सविस्तर नकार कळवला. उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र आले.

परीक्षेत मी आजवर एकही प्रश्न सोडलेला नाही. हाही सोडला असे म्हणता येणार नाही. तो अभ्यासक्रमाबाहेरचा होता.

६ ऑक्टोबर, मंगळवार

एका अनोळखी गृहस्थाचा संदेश: ‘लास्ट?’

मी विचारले, आपण कोण, आपला हेतू काय?

उत्तर: ‘लास्ट बोला’.

मी किंमत ठरवण्यामागची भूमिका विस्ताराने लिहून पाठवली. उत्तर आले: ‘ओके. लास्ट?’

याच्याशी व्यवहार अशक्य. नंबर ‘लास्टराव’ या नावाने जतन केला.

८ ऑक्टोबर, गुरुवार

टॉर्च घेऊन आलेले ग्राहक. नमस्कार न करता गाडीखाली शिरले. बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते. पायांशी काय बोलावे हे सुचेना. बाहेर आल्यावर त्यांनी गाडीचे दोष मोजून दाखवले. त्यांच्या नजरेतून दोन सुटले होते. सिंकची गळती आणि उजवीकडची अडकणारी खिडकी. प्रामाणिकपणा म्हणून ते मी सांगितले. आणखी एक तिसराही आठवला. ते टॉर्च बंद करून म्हणाले, ताई, तुम्हाला नक्की विकायचीच आहे ना? आणि काहीतरी पुटपुटत निघून गेले. संशयी माणूस. अपात्र.

बाबांना मात्र गाडीपासून दूर राहवत नाही असे दिसते. आज अकारण दाराची पायरी काढून बसले. तिच्या खाली आणखी एक ठेंगणी पायरी बसवली, शेजारी धरायला दांडा लावला. कशासाठी, असे विचारल्यावर म्हणाले, असू दे, बरं पडतं. आईने गाडीतले पडदे धुवायला काढले. माणसे दुःख असे कामात बुडवून टाकतात. मी बाबांच्या पाठीवर हात ठेवला. ते म्हणाले, पाना दे.

११ ऑक्टोबर, रविवार

दोन फोन. पहिल्या बाईंना व्हिडिओ हवे होते. आतून, बाहेरून, छतावरून, सिंकचा नळ सुरू करून, बंद करून. दुपारभर पाठवत होते. शेवटी त्या म्हणाल्या, छान आहे हो, आमच्याकडे अशीच आहे, ती विकायचीये, व्हिडिओ कसे काढायचे ते बघत होते.

दुसऱ्यांना अदलाबदल हवी होती. त्यांच्याकडे व्यायामाचा पट्टा आहे, घरातल्या घरात चालायचा. मी म्हणाले, दोन्हींत फरक आहे. ते म्हणाले, काय फरक, दोन्ही जागच्या जागीच तर आहेत! हे त्यांना कोणी सांगितले?

थकवा. आज बंकवर पडून थोडे वाचले. गाडीची स्थिती तपासण्याच्या निमित्ताने.

१४ ऑक्टोबर, बुधवार

आज विक्री जवळजवळ झाली होती हे नोंदवणे आवश्यक.

एक सूनबाई आल्या. हळू आवाजात म्हणाल्या की अंगणात उभी करायची आहे, सासूबाईंना जरा स्वतंत्र जागा मिळेल. सासूबाई सोबतच होत्या. त्या आत गेल्या, बंकवर आडव्या झाल्या, पडदा ओढून घेतला आणि आतूनच म्हणाल्या, अगोबाई, काय शांत आहे! मी आज इथेच राहते, तू जा. सूनबाईंनी हाका मारल्या. आतून उत्तर: स्वयंपाकाचं तू बघ, पोरांचं तू बघ, मला हाक मारू नकोस. सूनबाईंचा चेहरा पडला. एवढ्या सुखात राहणार असतील तर घरातलं कोण करणार, असे त्या मला म्हणाल्या, जणू मी काही तोडगा देणार होते. सासूबाईंना बाहेर काढायला बरीच मनधरणी करावी लागली. जाताना त्यांनी माझा हात दाबला. म्हणाल्या, तू नशीबवान आहेस गं.

सासूबाई पात्र. सून अपात्र. व्यवहार स्थगित.

१८ ऑक्टोबर, रविवार

ज्यूसचे दुकान टाकू इच्छिणारा तरुण. मी सांगितलेली किंमत त्याने एका रुपयानेही कमी न करता मान्य केली. त्यामुळेच मला त्याच्याविषयी शंका आली.

बंकवरच्या भिंतीवर थाप मारून म्हणाला, इथून कापायचं, खिडकी काढायची, इथे मशीन, इथे फळं. त्या भिंतीवर माझ्या बोर्डाच्या वेळापत्रकाच्या डिंकाचे डाग अजून आहेत. मी त्याला विचारले, आपण वाचता का? म्हणाला, विजेचं बिल वाचतो ना दर महिन्याला, त्यात सगळं आलं.

मी म्हणाले, विचार करून कळवते. तो म्हणाला, अहो ताई, मी हो म्हणतोय, तुम्ही हो म्हणा, संपलं की. विचार कसला त्यात?

मी सांगितले की गाडी आधीच दुसऱ्या कुणाला तरी देण्याचे ठरले आहे. ही थाप नव्हे. तत्त्वतः ती योग्य माणसाला दिलेलीच आहे, तो माणूस अजून आलेला नाही इतकेच. आई दारात उभी होती. मी हे बोलताच तिला जोरात ठसका लागला.

दादाचा फोन. ओरडला, पूर्ण किमतीचं गिऱ्हाईक घालवलंस? तू गाडी विकतेस की तिला स्थळ बघतेस? बाबा फोन घेऊन शांतपणे म्हणाले, जाऊ दे रे, ती बघतेय ना. बाबांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. बिचारे. त्यांना आतून किती सुटल्यासारखे वाटले असेल.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

हेल्मेट घालून आलेला मुलगा. आतही काढेना. त्याला टेस्ट ड्राइव्ह हवी होती. मी शेजारी बसले. किल्ली फिरवली, काहीही झाले नाही. पुन्हा फिरवली. बॅटरी पूर्ण उतरली होती. कारण अज्ञात. आतला वाचनाचा दिवा मी गरजेपुरताच वापरते, फार तर संध्याकाळी आणि क्वचित सकाळी.

मुलगा म्हणाला, तुम्ही स्टिअरिंग धरा, मी ढकलतो. मी धरले. गाडी हलली. पायांखालून जमीन निघाली असे वाटून मी ब्रेक दाबला. मागून हेल्मेट आदळल्याचा आवाज आला. आता हेल्मेटचा हेतू कळला. मुलगा हेल्मेट सरळ करून निघून गेला.

बाबांनी बॅटरी काढून चार्जिंगला लावली. म्हणाले, दिवा मात्र छान चालतोय.

संध्याकाळी लास्टरावांचा फोन आला, प्रथमच. लास्ट काय, असे म्हणताच माझा संयम सुटला. मी म्हणाले, आधी नमस्कार म्हणा, नाव सांगा, मग पूर्ण वाक्यात विचारा. मग अगदी बारीक आवाज: नमस्कार ताई, आपल्या गाडीची अंतिम किंमत काय असेल ते कृपया सांगाल का? मला भरून आले. किंमत सांगितली. ते म्हणाले, मला घ्यायची नाहीये ताई, मी सगळ्यांनाच विचारत असतो. बरं वाटतं.

आई स्वयंपाकघरातून बाबांना म्हणाली, ऐकलंत का, कसं खडसावलं त्याला! तिला माझ्या वागण्याची काळजी वाटत असावी.

२६ ऑक्टोबर, सोमवार

ग्राहक नाही.

कॉलेजातल्या क्लार्कचा फोन. वसतिगृहातली खोली धरून ठेवू का, असे विचारत होते. मी म्हणाले, एका मोठ्या व्यवहारात आहे. ते म्हणाले, मॅडम, गाडीच ना? माझ्या मेव्हण्याने सकाळी काढली आणि जेवायच्या आत विकली. मी म्हणाले, ती कोणत्या हाती गेली हे महत्त्वाचे. ते म्हणाले, हाती नाही मॅडम, भंगारात गेली. खोलीचं सांगा.

मुदतवाढीचे तिसरे पत्र लिहिले. उत्तम उतरले आहे. दोनदा वाचले. अजून धाडले नाही, कारण आईने डाकघर बंद असेल असे सांगितले. मग मेलने पाठवू म्हटले, तर नेट चालत नव्हते. बाबा फोनवर बातम्या पाहत होते, त्यांचे मात्र चालत होते.

खरे सांगायचे तर मी दमले आहे. इतक्या अनोळखी माणसांशी मी आयुष्यात बोलले नव्हते. एकही पात्र निघू नये, ही समाजाची शोकांतिका आहे.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

आईने माझी पुस्तके खोक्यांत भरून गाडीत नेऊन ठेवली. म्हणे, घर झाडायचंय. कपड्यांची बॅगही तिकडेच. बाबांनी खोकी दोरीने बांधली, अगदी घट्ट. गाडी विकली जाणार नाही हे त्यांनी मनोमन स्वीकारले असावे, आणि मला तिथे कायमची अभ्यासिका करून द्यायचा विचार असावा. न बोलता केलेली माया. डोळ्यांत पाणी आले.

निश्चय: पत्र उद्या धाडायचे. बाबांसाठी.

३१ ऑक्टोबर, शनिवार

सुन्न.

सकाळी फाटकात रिक्षा थांबली. सिस्टर उतरल्या, मागून यजमान. हातात स्वतःच्या दोन उशा आणि एक कुकर. यजमानांनी दांडा धरला, ठेंगण्या पायरीवर पाय ठेवला आणि सरळ आत गेले. बूट घालून. माझी नियमावली काढून त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाले, ही तुझी आहे ना पोरी?

सिस्टर काल निवृत्त झाल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी, ४ तारखेला, फाटकाशी उभे राहून आईच्या हातात विसार ठेवला होता. निवृत्तीपर्यंत थांबायचे तेवढे ठरले होते. मी नकार कळवला तेव्हा त्या आईसोबतच उभ्या होत्या. अंगठा आईच्या सल्ल्याने पाठवला होता.

मी विचारले, मग हा महिनाभर मी काय करत होते?

आई म्हणाली, बोलत होतीस. पहिल्या दिवशी फोन वाजला की माझ्या पदराआड जात होतीस, आठवतंय? आणि परवा त्या लास्टवाल्याला कसं उभं सोललंस! आता साठ पोरं म्हणजे काय मोठी गोष्ट आहे?

मी म्हणाले, हा सरळसरळ धोका होता. मधेच कोणी घेतली असती तर?

आई म्हणाली, तू देणार होतीस होय?

बाबा इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. डॉक्टरांनी डोळे चोळायला सक्त मनाई केली आहे, हे मी त्यांना बजावले. दादाही फोनवर हसत होता. त्याला पायरीच्या दिवसापासून ठाऊक होते. मग तो ज्यूसवाल्यावरून का ओरडला, असे विचारले. म्हणाला, जरा चांगला अभिनय करायला सांगितलं होतं आईने.

बाबांच्या भावनांचे म्हणाल, तर त्यांनी किल्ली सिस्टरांना वर्तमानपत्र द्यावे तशी दिली. मी त्यांच्या जवळ जाऊन उभी राहिले. वाटले, आता त्यांना आधार लागेल. ते पावलांनी अंगणाची जागा मोजत होते. म्हणाले, इथे टोमॅटो लावू, की वांगी गं?

सिस्टर उद्या निघणार. रस्ता माझ्या कॉलेजावरूनच जातो म्हणे. आईने आधीच पाहून ठेवला होता.

१ नोव्हेंबर, रविवार

सिस्टर चालवतात. चांगल्या चालवतात. गाडी हलताच सिंकखालचा कप्पा उघडला, मग सगळेच कप्पे. चमचे बाहेर आले. बंक पाठीला आधार देत नाही. वळणावर उलट फेकून देतो. मी वाचायला पुस्तक उघडले.

उलटी.

यजमानांनी बादली धरली. म्हणाले, काळजी करू नकोस, आमच्याकडे या कामाचा अनुभव आहे. सिस्टर आरशातून बघून म्हणाल्या, पुस्तक मिट गं बाळ, बाहेर बघ, लांब बघ. मी बाहेर पाहिले. घर केव्हाच मागे गेले होते. आई-बाबा दिसेनासे होताना मी त्यांना हात करणार होते. तेव्हा मी बादलीत होते.

वसतिगृहाच्या फाटकाशी उतरले. सिस्टरांनी मला खोकी आत नेऊ दिली नाहीत, स्वतःच नेली. गाडी वळणावरून गेली तेव्हा धुतलेले पडदे दिसले. न धाडलेले मुदतवाढीचे पत्र बॅगेतच राहिले होते. त्यात यजमानांनी दिलेल्या आलेपाकाच्या वड्या बांधल्या.

२ नोव्हेंबर, सोमवार

रुजू झाले.

पहिला तास. वर्ग पूर्ण भरलेला. पाय थरथरत होते, पण टेबलाची उंची चांगली असल्याने दिसले नसावे. मागच्या बाकावरून कोणीतरी काहीतरी ओरडले. मी म्हणाले, आधी नमस्कार म्हणा, नाव सांगा, मग पूर्ण वाक्यात विचारा. वर्ग गप्प झाला. त्यानंतर मी घंटा होईपर्यंत अखंड बोलले. घंटा झाल्यावर एका मुलीने नमस्कार केला, नाव सांगितले आणि पूर्ण वाक्यात सांगितले की हा वर्ग वाणिज्य शाखेचा आहे, माझा वर्ग पलीकडे.

कोणीही मध्ये हरकत घेतली नाही. विषय रंगला असावा.

संध्याकाळी सिस्टरांचा संदेश आला. त्या कुठल्याशा तळ्याकाठी थांबल्या आहेत. लिहिले होते: बाळ, त्या दिवशी विचारलेलं राहूनच गेलं. चालताना कशी वाटली?

उत्तर लिहायला बसले. चालताना ती फार आवाज करते. कप्पे, काचा, चमचे, सगळे एकदम बोलते. वाचता येत नाही. पोटात कालवते, घसा कोरडा पडतो, आपण पडणार असे सारखे वाटत राहते. काही वेळाने पडत नाही हे लक्षात येते. खिडकीशी बसावे. लांब पाहावे.

पाठवण्याआधी वाचून पाहिले. फारच पसरट वाटले.

अंगठा पाठवला.